न आटणाऱ्या विहिरीची शेजारीण

अहो, तिकडे कुठे बघताय? विहिरीकडे सगळेच बघतात. जरा अलीकडे या. बाभळीखाली जमिनीतून गुडघाभर वर आलेला लोखंडी पाइप दिसतो? डोक्यावर झाकण, झाकणाला कुलूप, अंगावर पिवळा रंग आणि सरकारी नंबर? ती मी. मी निरीक्षण कूपनलिका बोलतेय. नाव मोठं आहे. पण त्या नावानं हाक मारायला कुणी येतच नाही, त्यामुळे ते अजून कोरं करकरीत आहे. दगडसांगवीत मला 'कुलूपवाली नळी' म्हणतात.

माझं काम एकच. जमिनीखाली पाणी किती खोल गेलंय ते सांगायचं. माझं पाणी कुणी पीत नाही, भरत नाही, हातपाय धुवायलासुद्धा घेत नाही. मला फक्त मोजतात. आणि माझ्या शेजारी, हाकेच्या अंतरावर, ती. थोरली. दगडी बांधकामाची, आत उतरायला पायऱ्या असलेली, चारी बाजूंनी रहाट मिरवणारी गावविहीर.

मला ती आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

माझा जन्म १९९८चा. सिन्नरच्या पूर्वेला आमचं गाव. पाऊस तिकडे घोटी-इगतपुरीच्या भातखाचरांत मनसोक्त लोळतो आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याची दमछाक झालेली असते. जमिनीखालच्या पाण्यावर नजर ठेवायला सरकारनं जिल्हाभर माझ्यासारख्या नळ्या घ्यायचं ठरवलं. तमिळनाडूची बोअरची गाडी आली. धाडधाड आवाज करत खडकात हातोडा शिरला. जसजशी खोली वाढेल तसतसा खडकाचा चुरा वर यायचा. एक माणूस त्याचे छोटे ढीग गोणपाटावर ओळीनं मांडायचा आणि साहेब भिंगातून बघून लिहून घ्यायचे. काळी माती. मुरूम. काळा पाषाण. मग विटेसारखा तांबडा थर. पुन्हा पाषाण. माझी जन्मपत्रिका त्या ढिगांतून मांडली गेली.

मग एका भेगेला पाणी लागलं आणि माझ्या तोंडातून असं कारंजं उडालं म्हणता, बाभळीचा शेंडा भिजला! पोरं नाचली. बायका पदर सावरत हसल्या. गावचे कारभारी सावळीराम आण्णा टोपीसकट न्हाऊन निघाले. त्या एका दिवशी मी गावाची लाडकी होते. आण्णांची थोरली सून चंद्रभागा तर घागर घेऊन धावत आली.

तेवढ्यात माझ्यावर झाकण बसलं आणि कुलूप लागलं.

"आं? एवढं पाणी लागलं आन् कुलूप?" चंद्रभागा म्हणाली.

"बाई, हे पाणी प्यायचं नाही. बघायचं आहे," साहेबांनी समजावलं.

"बघायचं? मंग आरसा लावायचा व्हता की!"

सगळे हसले आणि घागरी उचलून थोरलीकडे गेले. तेव्हापासून ते तिकडेच जात राहिले.

तुम्हीच सांगा, रोज डोळ्यांसमोर दुसरीचे लाड बघायचे म्हणजे काय असतं? सकाळ झाली की रहाट कुरकुरायचे. बायका कठड्याला टेकून साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडली की थोरलीची पूजा करायची, तिच्यात हळदकुंकू सोडायची, मगच घागर भरायची. पोरं कठड्यावरून वाकून ओरडायची आणि थोरली त्यांचंच ओरडणं त्यांना परत द्यायची. यापलीकडे तिला बोलता येत नव्हतं. जे ऐकवाल तेच ती घुमवून मोठ्या आवाजात परत देते. म्हाताऱ्यांना ती का आवडायची, हे मला लवकर कळलं.

एका नवरात्रात रंगूबाई नावाची म्हातारी माझ्यापाशी थांबली. माझ्या अंगावरचा तांबड्या रंगाचा सरकारी त्रिकोण बघून तिनं डोळे मिटले आणि माझ्यावर कुंकू वाहिलं. माझ्या पोटातलं पाणी हललं असतं तर तेव्हा हललं असतं! पण मागून कुणीतरी ओरडलं, "आजे, ती नळी हाय सरकारी, देव न्हाय!"

"अगं बया!" म्हणत म्हातारीनं पदराच्या टोकानं कुंकू पुसून घेतलं. अगदी खरडून. आणि उरलेलं थोरलीला वाहून आली.

आता थोरलीचं गुपित सांगते. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्याला गुपित तरी कसं म्हणायचं? फक्त ते बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं.

थोरली आटायची. फाल्गुन सरला की तिचे झरे बसायचे आणि चैत्रात तळ दिसायला लागायचा. मग गोदाकाठावरून धरणाच्या पाण्याचा टँकर यायचा, तिच्या कठड्याला पाठ लावून उभा राहायचा आणि सोंडेएवढ्या पाइपनं तिच्यात रिता व्हायचा. टँकर गेला की बायका तेच पाणी रहाटानं वर ओढायच्या. टँकर खाली, पाणी खाली, मग पुन्हा वर! टँकरवरूनच हंडे का भरायचे नाहीत? कारण टँकरसमोर हंड्यांची रांग दिसली की गाव 'टँकरचं गाव' ठरतं, आणि टँकरच्या गावाला कुणी मुलगी देत नाही. म्हणून आण्णांनी शिरस्ताच पाडला होता. दगडसांगवीत टँकर येत नाही. दगडसांगवीची विहीर आटत नाही.

आण्णांचा धाकटा धनराज सातपूरच्या कारखान्यात कामाला होता. घोटीकडची मोहिनी त्याला सांगून आली. मुलीचे वडील घर बघायला आले ते थेट विहिरीवर. भातवाला माणूस, त्याला पाण्याची पारख. वैशाखाचं ऊन होतं आणि टँकर नुकताच वळून गेला होता. पाहुणे वाकले.

"पाणी डुलतंय की हो!"

"जित्ते झरे हायेत ना," आण्णा म्हणाले. "माझ्या आज्यानं बी कधी हिला आटल्याली पाहिली न्हाय."

मला किंचाळावंसं वाटलं. अहो पाहुणे, झऱ्याचं पाणी असं डुलत नाही! इकडे या, कुलूप फोडा, माझ्यात खडा टाका आणि तो किती वेळानं वाजतो ते ऐका. पण ते आले नाहीत. आडव्या आलेल्या म्हशीला टाळावं तसं मला टाळून ते चहाला गेले. सुपारी फुटली. मोहिनी त्या घरात आली आणि दुसऱ्याच महिन्यापासून जावेबरोबर रहाट ओढायला लागली.

मग माझ्या आयुष्यात पल्लवी आली. नाशिकच्या कॉलेजात भूशास्त्र शिकलेली, भूजल खात्यात कंत्राटावर लागलेली. २००१च्या पावसाळ्यानंतर ती स्कूटीवरून आली. माझं कुलूप गंजून गेलं होतं. किल्ली फिरेना. तिनं डबा उघडला, लोणच्याचं तेल चमच्यानं कुलपात सोडलं आणि शेवटचा घास होईस्तोवर कुलूप उघडलंही.

तिची कामाची रीत बघण्यासारखी होती. पोलादी पट्टीच्या टोकाला ती खडू फासायची आणि पट्टी माझ्यात सोडायची. बुडालेल्या भागावरचा खडू ओला होऊन काळपट दिसायचा. सोडलेल्या पट्टीतून ओला भाग वजा केला की पाण्याची खोली मिळायची. पहिल्याच दिवशी तिनं मला दोनदा मोजलं. दोन्ही आकडे जुळले तेव्हा म्हणाली, "शाब्बास!" पट्टीला म्हणाली की मला, कोण जाणे. मी ते माझ्या नावावर घेतलं. मग बाटलीत माझं थोडं पाणी घेऊन त्यात पेनासारखं एक यंत्र बुडवलं. पाण्यात खडकातले क्षार किती उतरलेत ते त्यावरून समजतं. कुणीतरी माझी चव विचारत होतं! जन्मात पहिल्यांदा.

सावळीराम आण्णा काठी टेकत आले. "पोरीच्या जातीनं असं एकटं हिंडावं का?"

"दोघी आलो असतो तर चढाला स्कूटी ओढली नसती, आण्णा," पल्लवी म्हणाली आणि थोरलीकडे वळली. "ही विहीर पण मोजायची होती."

"हीर मोजायची न्हाय. मोजलं की पाणी रुसतं."

"मोजलं नाही तर किती रुसलंय ते कळणार कसं?"

"आमी सांगतो ना. बारमाही हाय, लिवा."

वयाचा मान म्हणून ती गप्प बसली. मला तो गप्पपणा जराही आवडला नाही. माझ्या मते माणसानं म्हातारं व्हायला हरकत नाही, पण खडकापेक्षा जास्त कठीण होऊ नये. असो. कागदावर थोरली बारमाही झाली आणि मी दर खेपेला थोडी थोडी खोल जात राहिले.

२००३चा दुष्काळ सगळ्या जिल्ह्यानं पाहिला. त्यानंतर गावाला नळपाणी योजना मंजूर झाली. टाकी, पाइप, घरोघर नळ. पण पाणी कुठून उचलायचं ती जागा गावानं सुचवायची आणि ती भरउन्हाळ्यात पुरेल असा दाखला खात्यानं द्यायचा. योजना काही परत परत मिळत नाही. जागा चुकली की टाकी नुसती उभी, नळ कोरडे आणि बायकांच्या हातात रहाट कायमचा.

आण्णांनी जागा सुचवली. दुसरी कुठली? थोरली!

दाखल्यासाठी पल्लवी मे महिन्यात आली. माझ्यात पट्टी सोडता सोडता ती मध्येच थांबली, रीळ संपतंय की काय बघायला. इतकी मी खोल गेले होते. आकडा लिहून तिनं कपाळ पुसलं आणि तहानेनं कासावीस होऊन ती गेली कुठे? तिच्याकडे! माझी पल्लवी. जिनं माझी चव विचारली ती. चंद्रभागानं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि ही बया घटाघटा प्यायली.

"किती गोड पाणी आहे हो! नाहीतर आमच्या नळीचं. मचूळ नुसतं."

मचूळ!

तीन वर्षं. तीन वर्षं मी त्या मुलीला एक आकडा खोटा दिला नाही. आणि बक्षीस काय, तर मचूळ. त्या क्षणी थोरलीचा कठडा ढासळून तिच्यातच पडावा असं मला मनापासून वाटलं.

चंद्रभागा हसत होती. "या दिसांत गोडच लागतं, ताई. डाळ बी पटदिशी शिजती. दिवाळीत या, घंटाभर शिजवा, दाणा हरभऱ्यासारखा टणक." आणि तिनं जीभ चावली.

पल्लवीची ओंजळ तशीच राहिली. पाणी बोटांतून गळून गेलं. दिवाळीत जड आणि वैशाखात हलकं, असं विहिरीचं पाणी महिना बघून चव बदलत नाही. जमिनीखालचं पाणी खडक चाटत चाटत येतं. त्याला खडकाचा क्षार लागणारच. शेजारी शेजारी, एकाच पाषाणातल्या आम्ही दोघी; एक मचूळ आणि एक धरणासारखी गोड? तिनं पेनासारखं यंत्र काढलं, रहाटाच्या बादलीत बुडवलं. माझ्या आकड्याच्या चौथाईसुद्धा नाही.

"चंद्राताई, हे पाणी कुठलं?"

"हिरीचं."

"आणि हिरीत कुठलं?"

चंद्रभागानं कठड्याशी आलेल्या चाकोरीकडे पाहिलं. टँकरच्या गळतीनं ती अजून ओली होती.

आठवड्यानं पारावर ग्रामसभा बसली. पार विहिरीला लागूनच, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. पल्लवीनं सांगितलं की थोरलीवर योजनेचा दाखला देता येणार नाही, कारण वैशाखात तिच्यात तिचं स्वतःचं पाणीच नसतं.

"आमच्या हिरीची बदनामी करायला आली का तू?" आण्णा उठून उभे राहिले. "तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून पाणी पितोय आमी हिचं!"

"मग आण्णा, ती बारमाही आहे असं म्हणता ना? तीन दिवस टँकर सोडू नका. मी बघते, तुम्हीही बघा."

"कसला टँकर? आमच्या गावात टँकर येतच न्हाय!"

कुणीतरी मागून खोकलं. कुणीतरी हसू दाबलं. आणि पाराच्या कडेला बायकांत बसलेली चंद्रभागा उठली. सासऱ्यासमोर ती कधी मान वर करत नसे. पदर डोक्यावर होता, पण आवाज नव्हता झाकलेला.

"मामा, टँकरचं गाव म्हून कोणी पोरी देत न्हाय, ते खरं. पण ज्या पोरी आणल्या त्यांनी तोच टँकर हिरीतून उपसायचा, हे कुठवर? आता नळ येतोय. त्यो बी खोट्या पाण्यावर बसवायचा का?"

आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. टँकर थांबवायला होय म्हणावं तर तो येतो हे कबूल करावं लागणार, नाही म्हणावं तर विहिरीवर विश्वास नाही असं ठरणार. शेवटी रागाच्या भरात म्हणाले, "तीन काय, आठ दिस नको टँकर! बघा, काय बघायचं ते!"

तीन दिवसांतच बघून झालं. तिसऱ्या दिवशी सगळं गाव कठड्याला वाकलं होतं. तळाशी गाळ, एक रबरी चप्पल, दोन पोचलेल्या घागरी आणि कोपऱ्यात परातीएवढं डबकं. मग मोहिनी, ती घोटीची सून, शांतपणे म्हणाली, "मामा, आमचे वडील डुलतं पाणी बघून गेले होते."

आण्णा काठी उचलून घराकडे गेले.

मी काय सांगू! झाकण नसतं तर माझ्यातून पुन्हा कारंजं उडालं असतं. त्यात बायकांनी गलका केला, "मंग नळीवर बसवा की योजना! तिला केवढं पाणी लागलं व्हतं, आमी पाहिलंय!"

पल्लवी म्हणाली, "आधी चाचणी."

माझं कुलूप निघालं, झाकण निघालं, पोटात पंप उतरला. कुणीतरी माझ्या पाइपावर कुंकवाची बोटं ओढली. या वेळी पुसायला कुणी आलं नाही. पंप सुरू झाला आणि पहिली घागर चंद्रभागानं भरली. त्या घागरीचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी मनात म्हटलं, बघ थोरले, बघ.

लोकांचा चहा पिऊन व्हायच्या आत पंपातून हवा यायला लागली. फस्स, फस्स. पंप थांबवला. पल्लवी घड्याळ आणि पट्टी घेऊन माझ्याशेजारी बसून राहिली, माझं पाणी किती वेळात किती वर चढतं ते मोजत. ते चढतच नव्हतं म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी पुन्हा पंप लावला, पुन्हा फस्स. आणि तिकडे थोरलीच्या तळातलं परातीएवढं डबकं ताटलीएवढं झालं होतं.

"दोघींना एकच भेग पाजतेय," पल्लवी म्हणाली. "तीही हात आखडून."

माझ्या जन्माच्या दिवशी जे उडालं होतं ते बोअरच्या गाडीवरच्या कंप्रेसरच्या हवेनं उडालं होतं. पाणी थोडंच होतं, जोर हवेचा होता. इतकी वर्षं मी त्यावर तोऱ्यात राहिले.

पल्लवीनं थोरलीच्या नावापुढे फुली मारली आणि लगेच माझ्या नावापुढेही. हात जरा थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही. मला तिचा संताप आला. आणि खरं सांगू का, तिनं माझी बाजू घेतली असती तर मी तिला आण्णांच्या पंगतीला बसवलं असतं.

पुढे ती आणि तिची माणसं चार लोखंडी खुंट्या घेऊन शिवारभर फिरली. खुंट्या जमिनीत ठोकायच्या, बॅटरीचा प्रवाह सोडायचा, खुंट्यांमधलं अंतर वाढवत जायचं आणि जमीन त्याला किती अडवते ते बघायचं. कोरडा पाषाण जास्त अडवतो, ओला मुरूम कमी. ओहोळापलीकडे एका ठिकाणी आकडे असे उतरले की पल्लवी उन्हात फतकल मारून बसली आणि हसली. माझ्याकडे बघून ती कधी तशी हसली नव्हती, याची नोंद मी तिथल्या तिथे घेतली. त्या जागी विहीर खणली. पुढच्या वैशाखात तिला पंप लावून उपसली, मोजली, पुन्हा उपसली. ती पुरून उरली. २००६ साली नळ आले. नारळ आण्णांनीच फोडला, आणि पाहुण्यांना सांगितलं, "जागा आमीच दाखवली."

आता २००९ चालू आहे. पल्लवीची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात झाली. थोरलीवर जाळी बसली. तिचं उपसणं संपलं, पण बाळंतिणी अजून तिच्याच पूजेला येतात. माझी किल्ली पाणी समितीच्या चंद्रभागाकडे असते. दिवाळीनंतर ती खडू लावलेली पट्टी माझ्यात सोडते, आकडा घेते आणि पारावर जाऊन सांगते, यंदा उन्हाळी कांदा किती लावायचा. सगळे ऐकतात असं नाही.

"आता नळीला इचारून कांदा लावायचा का?" आण्णा परवाच म्हणाले.

"व्हय मामा," ती म्हणाली. "तिला लगीन जमवायचं नसतं."

ओहोळाकडे नव्या विहिरीभोवती आताशा बोअरच्या गाड्यांची धडधड ऐकू येते. द्राक्षांना पाणी हवं, कांद्याला हवं. हवंच असणार. पण ती पुरून उरली ते वर्ष वेगळं होतं. तिला दर वर्षी पुन्हा विचारायला हवं, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून तिच्या तोंडी दुसरं घालू नका. माझी एवढीच मागणी आहे. मला कुंकू नको, नारळ नको. मला मोजा. तिलाही मोजा. आकडा वाईट आला तर माझ्यावर चिडा, खुशाल शिव्या द्या, पण तो खोडू नका.

चला, चंद्रभागा येतेय, पट्टी खांद्यावर टाकून. तिच्यामागून ओटीची ताटं घेतलेल्या बायका नव्या विहिरीकडे निघाल्यात, अगदी माझ्यासमोरून, हिरव्या खणांची चळत मिरवत. माझ्याकडे एकीनंही बघितलेलं नाही.

चंद्रभागानं माझ्या झाकणाला हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. "केवढं तापलंय! ऊन लय हाय आज," ती म्हणाली.

मी तिला दुरुस्त केलं नाही.